परागनलिकेची साक्ष

झाड हिरवे आहे, फुललेही आहे. म्हणजे सारे ठीक, असे आपण समजतो. पण फळ धरायचे की नाही, हे पुष्कळदा परागनलिकेवर ठरते. ही नलिका प्रथम पाहिली इटलीच्या आमिचीने, १८२४ च्या सुमारास, घोळाच्या फुलाच्या कुक्षीवर.

पुढे प्रयोगशाळेत एक कोडे पडले. द्रावणात दाटीने ठेवलेले परागकण रुजत, विरळ ठेवलेले रुजत नसत. १९६३ साली ब्रूबेकर व क्वाक यांनी उत्तर दिले: कॅल्शियम! परागकणांतून झिरपणारे कॅल्शियम दाटीत पुरेसे साठते. नलिकेचे टोक वाढते ते आत शिरणाऱ्या कॅल्शियममुळे. शिसे, कॅडमियम नेमके येथेच आड येतात आणि नलिका खुंटते. म्हणूनच परागकण विषारी धातूंच्या चाचणीचे साधन ठरले.

खारघरशेजारच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत २०१७ साली रंगद्रव्याने निळे झालेले भटके कुत्रे दिसले, तेव्हा सारे हळहळले. पाण्यात विरघळलेले धातू असा रंग दाखवीत नाहीत.

सदाफुलीचे पराग साखर, बोरिक आम्ल व कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात टाकून विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा. विषारी क्षार मात्र वर्गात आणू नका. वाढती नलिका एकदा पाहिली, की ‘नदीत काय सोडतात?’ हे मुले आपणहून विचारतील.