वाळू पाण्यासारखी वागते तेव्हा

भूकंप म्हटला की कोसळलेल्या भिंती आठवतात. परंतु १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहारमध्ये जे घडले ते काही निराळेच होते. तेथे पुष्कळ घरे ढासळण्याऐवजी कलली, खचली, जमिनीत रुतली. शेतांना भेगा पडून त्यांतून पाणी आणि वाळू उसळली. विहिरी वाळूने बुजल्या. रेल्वेचे भराव खाली बसले आणि तळ्यांचे तळ मात्र वर आले!

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या मुलखाची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९३९ साली प्रसिद्ध झाला. सीतामढी, मधुबनीवरून पूर्णियाकडे गेलेल्या सुमारे ३०० किलोमीटर लांबीच्या या टापूला आपण खचपट्टा म्हणू.

असे का व्हावे? पायलीत ज्वारी भरताना आपण माप हालवतो; दाणे एकमेकांत बसतात, माप खाली जाते. भुसभुशीत वाळूचेही तसेच. मात्र तिच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असल्या तर कणांना दाटून बसायला जागा नसते, आणि पाण्याला क्षणार्धात निघून जाता येत नाही. मग वरचा भार कणांऐवजी पाणीच पेलू लागते. कणांची एकमेकांवरील पकड सुटते आणि काही काळ जमीन दाट द्रवासारखी वागते. गंडक, बागमती, कोसी यांनी हिमालयातून आणलेली बारीक वाळू आणि हाताच्या अंतरावर पाणी, असा हा मुलूख! जाड खडीतून पाणी चटकन निसटते, म्हणून ती सहसा तग धरते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. तीही अशी पातळ होत नाही. पण म्हणून निर्धास्त राहू नये. १९८५ साली मेक्सिको शहराखालच्या जुन्या सरोवराच्या मऊ मातीने शेकडो किलोमीटरांवरून आलेले हादरे कितीतरी वाढवले आणि उंच इमारती पाडल्या.

गंगाकाठचे मुंगेर खचपट्ट्याच्या बाहेर. तेथे भिंतीच कोसळल्या आणि माणसे विटांखाली गाडली गेली. खचपट्ट्यातल्या अनेकांना बाहेर पडण्यास अवधी मिळाला, पण घर, विहीर, शेत तिन्हींवर पाणी सोडावे लागले. वाळूखाली गेलेल्या शेताचे दुःख शेतकऱ्यालाच विचारावे.

स्थापत्यशास्त्राने मात्र या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो ३० वर्षांनी. १६ जून १९६४ रोजी जपानमधील निइगाता येथे चार मजली चाळवजा इमारती अभंग राहून जवळजवळ आडव्या झाल्या, तेव्हा कुठे सर्वांचे लक्ष पायाखाली गेले.

बिहारची पाहणी करणाऱ्यांना वाटले होते की भूकंपाचा उगम या खचपट्ट्याखालीच असावा. जमीन सर्वांत अधिक फाटली ती तेथेच; मग दुसरा तर्क कोण करील? पुढे जुन्या भूकंपमापकांच्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा तो उगम बराच उत्तरेला, पूर्व नेपाळात, एव्हरेस्टच्या दक्षिणेस सरकला. पाहणी खोटी नव्हती. तिने नोंदलेल्या खुणा वाळूच्या होत्या, धक्क्याच्या उगमाच्या नव्हत्या, इतकेच. आणि वाळू तेथेच आहे. २१ ऑगस्ट १९८८ च्या भूकंपात उत्तर बिहारमध्ये काही ठिकाणी ती पुन्हा पाण्याबरोबर वर आली.