टेट्रिस: खेळ एकाचा, कमाई दुसऱ्यांची

1990 च्या दशकात आपल्याकडे जत्रेत, बाजारात ‘ब्रिक गेम’ नावाचं सेलवर चालणारं छोटं यंत्र मिळायचं. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून बसवायचे. ओळ भरली की ती गायब. अनेकांना हा खेळ त्याच नावाने ठाऊक आहे. मूळ नाव टेट्रिस, जन्मगाव मॉस्को.

जन्म

सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी 1984 साली हा खेळ तयार केला. पाच चौकोनांच्या तुकड्यांचं ‘पेंटोमिनो’ हे कोडं त्यांना आवडायचं. त्यांनी एक चौकोन कमी केला आणि सात आकार ठरवले. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीकमध्ये चार. त्यात आवडत्या टेनिसची भर घालून नाव झालं टेट्रिस. ‘इलेक्ट्रॉनिका 60’ या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवले.

पुढे 16 वर्षांच्या वादिम गेरासिमोव या विद्यार्थ्याने तो आयबीएम पीसीवर आणला. मग फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकला होत खेळ फुकटच पसरला.

हक्कांचा घोळ

रॉबर्ट स्टाइन या लंडनच्या व्यावसायिकाने हा खेळ हंगेरीत पाहिला. सही-शिक्क्याचा करार हातात येण्याआधीच त्यांनी हक्क ब्रिटन-अमेरिकेतल्या कंपन्यांना विकले. त्यांनी ते पुढे दुसऱ्यांना दिले. थोडक्यात, सातबारा नावावर नसताना जमिनीचे व्यवहार झाले!

फेब्रुवारी 1989 मध्ये स्टाइन, हेंक रॉजर्स आणि केविन मॅक्सवेल हे तिघे मॉस्कोत ‘एलॉर्ग’ या सरकारी संस्थेकडे वेगवेगळे पोहोचले. तिथले अधिकारी निकोलाय बेलिकोव यांनी स्टाइन यांच्या सुधारित करारात संगणकाची व्याख्याच घातली: प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कीबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलेलं यंत्र. सही झाली आणि टीव्हीला जोडायची व हातात धरायची खेळयंत्रं स्टाइन यांच्या हक्कांबाहेर गेली. एका कलमाने डाव फिरला. ते हक्क अखेर निन्टेन्डोकडे गेले. अटारीच्या ‘टेंगेन’ने काढलेली आवृत्ती त्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यायालयाच्या आदेशाने बाजारातून उठली.

स्वागत

1989 साली अमेरिकेत गेम बॉयसोबत टेट्रिस देण्यात आला. लहान मुलांचं खेळणं मोठ्यांच्याही हातात गेलं. गेम बॉयच्या या आवृत्तीच्या सुमारे साडेतीन कोटी प्रती खपल्या. पार्श्वभूमीला वाजणारी धून ‘कोरोबेनिकी’ या रशियन लोकगीताची. खूप वेळ खेळल्यावर डोळे मिटले तरी ठोकळे दिसतात, त्याला ‘टेट्रिस इफेक्ट’ असं नावच पडलं.

कर्त्याच्या हाती काय?

पाजितनोव सरकारी नोकर. त्यांनी हक्क दहा वर्षांसाठी सरकारकडे सोपवले होते. त्यामुळे जगभर पैसा फिरत असताना त्यांना रॉयल्टी नव्हती. 1991 मध्ये ते अमेरिकेत गेले. 1996 मध्ये रॉजर्स यांच्यासोबत ‘द टेट्रिस कंपनी’ उभी राहिली, तेव्हा कुठे रॉयल्टी सुरू झाली. खेळ तयार होऊन तोवर बारा वर्षं उलटली होती.