एका वाक्याचे आठ दिवस

४ एप्रिल २००७ ची सकाळ. अमेरिकेतला नावाजलेला रेडिओवाला डॉन आयमस नेहमीसारखा गप्पा हाणत बसला होता. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या मुली आदल्या रात्रीच बास्केटबॉलची राष्ट्रीय अंतिम लढत टेनेसीकडून ४६-५९ अशी हरल्या होत्या. आयमसने त्यांच्या केसांना नावं ठेवली आणि पुढे बाजारबसवीला लावतात तो गल्लीतला शब्द जोडला. संघात बहुतेक मुली कृष्णवर्णीय. स्टुडिओत हशा झाला, कार्यक्रम पुढे सरकला.

केसांसाठी वापरलेला तो शब्द साधा नव्हे. काळ्या माणसाचे केस म्हणजे काहीतरी गलिच्छ, ही गुलामगिरीतून आलेली हेटाळणी त्यात भरलेली आहे.

पण मला त्या वाक्यापेक्षा पुढचे आठ दिवसच जास्त बोलके वाटतात. ६ तारखेला माफी. ९ तारखेला दोन आठवड्यांची बंदी जाहीर. १० तारखेला प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर आणि त्यांच्या मुली पत्रकारांसमोर आल्या, आणि देशाला पहिल्यांदाच त्या विनोदातले चेहरे दिसले. विशीच्या आसपासच्या, शिकणाऱ्या मुली! मग प्रॉक्टर अँड गॅम्बल, स्टेपल्स अशा कंपन्यांनी जाहिराती काढून घेतल्या. ११ तारखेला एमएसएनबीसीने आणि १२ तारखेला सीबीएसने कार्यक्रम बंद केला. त्याच रात्री मुली आयमसला भेटल्या आणि त्यांनी त्याची माफी स्वीकारलीसुद्धा.

त्याच आठवड्यात पत्रकार ग्वेन आयफिल यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एक आठवण लिहिली. त्या व्हाइट हाउसच्या बातम्या देत असताना याच आयमसने त्यांना 'झाडूपोछावाली' म्हटलं होतं. म्हणजे ही खोड जुनीच. तरीही बडे पुढारी आणि पत्रकार त्याच्या कार्यक्रमात हजेरी लावत होते. पुस्तकं खपत होती ना!

"रॅपवाले हेच शब्द वापरतात, त्यांना कोण विचारतं?" हा बचाव तेव्हा खूप चालला. पण विचारणाऱ्या होत्या की! स्पेलमन कॉलेजच्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी २००४ मध्येच नेली या रॅपरच्या व्हिडिओविरुद्ध आवाज उठवला होता. आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं म्हणाल, तर आयमसला सरकारने गप्प केलं नव्हतं. डिसेंबर २००७ मध्ये तो दुसऱ्या स्टेशनवर परतला आणि पुढे २०१८ पर्यंत बोलत राहिला. २०१९ मध्ये तो वारला.

आपण मराठी माणसांनी यात का पडावं? याच न्यू जर्सीत १९८७ साली 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळक्याचं भारतीयांना हाकलण्याची धमकी देणारं पत्र वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्या नावातला 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू. त्याच वर्षी होबोकनमध्ये नवरोज मोदी या भारतीयाला मारहाण झाली आणि त्यात तो गेला. तिकडे केस, इकडे कुंकू. समोरच्याला नाव उरत नाही, फक्त एक खूण उरते.

आणि आपल्या बैठकीतल्या गप्पांत 'काळी', 'नकटी', किंवा जातीवरून जे सहज बोललं जातं, त्याचं काय? तिथे ना जाहिरातदार असतो, ना पत्रकार परिषद. हसणारे मात्र असतात, आणि त्यात आपणही असतो.

तुम्हाला काय वाटतं? जरूर लिहा.