बखरीतील आकाशवाणी

इतिहासकाराने घडले तेवढेच सांगावे, की घडलेल्या गोष्टीचा बरेवाईटपणाही सांगावा, हा वाद फार जुना आहे. तुळजापूरच्या छायेत राहणाऱ्या आपणां मंडळींना तर तो अगदी घरचा आहे.

इ. स. १६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफजलखान शिवाजी महाराजांवर चालून आला आणि १० नोव्हेंबर रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेला. या दोन गोष्टींच्या मध्ये कृष्णाजी अनंत सभासद आपल्या बखरीत तिसरी एक घालतो. खानाने तुळजापूरची भवानी फोडली, तोच आकाशवाणी झाली. आजपासून एकविसाव्या दिवशी तुझे शिर कापीन, असे देवीने बजावले. हिशेब मात्र जुळत नाही. खानास मिळावे म्हणून आदिलशहाने कान्होजी जेध्यांना फर्मान धाडले ते जूनमध्येच. पुढे वाईचा तळ, वकिलांची ये-जा, भेटीची बोलणी. एवढा व्याप तीन आठवड्यांत कसा मावावा?

अशाच विसंगती दाखवून राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत बखरींची झडती घेतली. ती आवश्यकच होती. परंतु एवढ्यावर बखर मिटून ठेवावी काय? येथे चीनकडे थोडे पाहू. कारण नीती आणि इतिहास यांची सांगड त्या देशाइतकी क्वचितच कोणी घातली असेल.

इ. स. पूर्व ५४८ मध्ये छी राज्याचा मंत्री त्स्वै चू याने आपल्या राजाचा घात करविला. दरबारच्या इतिहासलेखकाने नोंद केली : 'त्स्वै चू याने आपल्या स्वामीचा वध केला.' मंत्र्याने त्याला ठार केले. त्याच्या दोघा भावांनी तेच वाक्य लिहिले, तेही गेले. आणखी एका भावाने पुन्हा तेच लिहिले, तेव्हा मंत्री थकला. त्या वाक्यात नीती आहे, कारण स्वामिघातासाठी चिनी भाषेत वेगळे क्रियापद आहे. पण घडलेल्या गोष्टीत एक अक्षरही पदरचे नाही.

पुढे इ. स. पूर्व पहिल्या शतकात सू-मा छिएन याने एकशे तीस प्रकरणांचा इतिहास लिहिला. पराभूत सेनापतीची बाजू घेतल्याबद्दल सम्राटाने त्याला पुरुषत्वहरणाची शिक्षा दिली होती. तो बहुधा आधी हकिकत सांगतो आणि स्वतःचे मत निराळे, स्वतःच्या नावाने मांडतो. सज्जन उपाशी मरतात आणि दरोडेखोर म्हातारे होऊन सुखाने मरतात, मग दैवाचा न्याय तो कोणता, असे तो उघड विचारतो. आपल्या सोयीसाठी दैवाच्या तोंडी उत्तर घालीत नाही.

आता सभासदाकडे वळू. त्याने बखर लिहिली ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, जिंजीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला होता. रायगड पडला होता. जिंजीलाही मोगलांचा वेढा होता. सू-मा छिएनचा प्रश्न त्या तटबंदीच्या आत किती जणांच्या मनात आला असेल! त्या लोकांना सभासद एकविसावा दिवस सांगतो. अन्यायाला मुदत असते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ती आकाशवाणी १६५९ चा पुरावा नसली, तरी जिंजीतील मराठी मनाचा अस्सल पुरावा आहे.

भक्ताने ती गोष्ट कीर्तनात अवश्य ऐकावी. अभ्यासकानेही ती फेकू नये. फक्त योग्य सालाच्या खणात ठेवावी. आपणांस हवा असलेला न्याय आणि प्रत्यक्ष घडलेला न्याय या दोहोंत अंतर ठेवणे हा देवीचा अवमान नव्हे. उलट, हे अंतर पुसून टाकणारा जो कोणी उद्या आपल्याच सोयीची आकाशवाणी ऐकवील, त्याला ओळखण्याचे दुसरे साधन आपल्यापाशी नाही.