आजीबाईंना लिहिलेली पत्रे

१२ मे १८८५. पंडिता रमाबाईंनी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमहून वाँटेज मठाच्या सिस्टर जेराल्डिनना पत्र लिहिले. एरवी रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. इथे मात्र त्या ठणकावून सांगतात की आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे आणि विचार आपला आपणच करणार.

बाप्तिस्मा होऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. वाँटेजच्या नोंदीतली तारीख २९ सप्टेंबर १८८३. त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व मात्र त्यांना पटेना. बायबलवर श्रद्धा होती. अडत होते ते चर्च सांगेल तोच अर्थ मानण्यापाशी. इथवर पुरावा नि:संदिग्ध आहे.

मला अधिक बोलके वाटते ते पुडिंगचे प्रकरण. रमाबाई शाकाहारी, त्यामुळे अंडे घातलेले पुडिंग वर्ज्य. सिस्टरांना त्यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंचे उत्तर खट्याळ आहे: हवा तर माझा गर्व लोण्यादुधात शोधा, बुटामोज्यांत शोधा, रोज जाळते त्या कोळशातही शोधा! पुढे त्या विचारतात, हिंदूंमध्ये राहायला गेलेल्या इंग्रज बाईने आपल्या चालीरीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का?

ही पत्रे जपून एकत्र केली ती सिस्टर जेराल्डिन यांनीच; अ. भि. शहांच्या संपादनाखाली ती १९७७ साली मुंबईत छापली गेली. म्हणजे वादातल्या एका पक्षानेच हे दप्तर लावले. निवड त्यांची, हे वाचताना विसरून चालत नाही. तरीही स्वतःला बोचणारी पत्रे त्यांनी गाळली नाहीत, म्हणून मी या संग्रहावर बराच भरवसा ठेवतो.

खरी पोकळी बाप्तिस्म्याआधीच्या दिवसांत आहे. सोबतीण आनंदीबाई भगत हिने वाँटेजमध्येच आत्महत्या केली. त्या धक्क्याने निर्णय घाईत झाला का? तसा तर्क करता येतो, पुरावा नाही.

रमाबाईंची स्वतःची साक्ष आहे ती १९०७ची, म्हणजे बरीच उशिराची, आणि मधल्या काळात त्यांची श्रद्धा पालटलेली. त्यात त्या म्हणतात की फादर नेहेम्या गोरे यांच्या लेखनाने आपल्या बुद्धीची खात्री पटली, पण ख्रिस्त पुढे गवसला. उशिराच्या साक्षीला मी सहसा कमी वजन देतो. इथे मात्र ती १८८५च्या पत्रांशी जुळते: युक्तिवाद पटला म्हणून आत आलेली बाई आत आल्यावर युक्तिवाद कसा थांबवील?