मँचेस्टरच्या लीगची आठ वर्षे

माणसाचे श्रम आणि कमाई त्याची स्वतःची. सरकारने ती राखावी, तिच्यात हात घालू नये. हा विचार जॉन लॉकने सतराव्या शतकात मांडला. अ‍ॅडम स्मिथने १७७६मध्ये तो व्यापाराला लावून दाखवला. पण पुढची साठेक वर्षे तो बहुतांशी शिकलेल्यांच्या चर्चेतच राहिला. सामान्यांच्या ताटापर्यंत तो नेला मँचेस्टरच्या ‘अँटी-कॉर्न लॉ लीग’ने, म्हणजे धान्य कायद्याविरुद्धच्या संघाने, आणि म्हणून मला ही संस्था फार मोलाची वाटते.

१८१५च्या धान्य कायद्याने गव्हाचा देशी भाव क्वार्टरला, म्हणजे सुमारे २१८ किलोंना, ८० शिलिंग होईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही असे ठरवले. पार्लमेंट जमीनदारांचे होते. १८२८मध्ये बंदीच्या जागी चढउतार जकात आली, पण पाव महागच राहिला.

सप्टेंबर १८३८मध्ये मँचेस्टरच्या यॉर्क हॉटेलात मूठभर व्यापारी जमले. पुढच्या वर्षी लीग उभी राहिली. कापडछपाईचा कारखानदार रिचर्ड कॉब्डेन तिचा मेंदू, तर रॉचडेलचा गिरणीवाला जॉन ब्राइट तिचा आवाज. १८४१मध्ये ब्राइटची तरुण पत्नी गेली. सांत्वनाला आलेल्या कॉब्डेनने त्याला सांगितले की, या घडीला हजारो घरांत बायकामुले भुकेने मरत आहेत. दुःखाचा पहिला भर ओसरला की माझ्याबरोबर चल, कायदा रद्द होईपर्यंत थांबायचे नाही. ब्राइट त्याच्याबरोबर निघाला.

कामाची पद्धतही नवी होती. १८४०मध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागले आणि लीगची पत्रके मतदारांच्या घरी पोचली. पगारी व्याख्याते गावोगाव फिरले. मताचा हक्क मिळावा म्हणून समर्थकांना ४० शिलिंग वार्षिक उत्पन्नाची जमीन घ्यायला लावली. स्त्रियांनी चहापानाचे मेळावे आणि बाजार भरवून निधी उभा केला.

मताधिकार मागणारे चार्टिस्ट कामगार मात्र साशंक होते: पाव स्वस्त झाला की मालक मजुरी कापणार. हा संशय निराधार नव्हता. कामाला दहा तासांची मर्यादा घालणाऱ्या १८४७च्या कायद्याला ब्राइटनेच विरोध केला.

१८४५मध्ये आयर्लंडचा बटाटा कुजला, बाहेरचे धान्य हवे झाले आणि पंतप्रधान पील यांनी स्वपक्षाचा रोष पत्करून कायदा मोडीत काढला. २५ जून १८४६ला लॉर्ड्स सभागृहाने तो रद्द करणारे विधेयक संमत केले. त्याच रात्री दुसऱ्या विधेयकावर पील हरले. जाताना त्यांनी श्रेय कॉब्डेनला दिले. काम झाले म्हणून लीगने जुलैत आपला कारभार गुंडाळला. निवडणुका लढवणारा पक्ष होण्याचा मोह तिने टाळला, हे मला तिचे मोठेपण वाटते.

तिचा विचार हिंदुस्थानात आला तो मात्र लँकेशायरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या परिसरातल्या, गिरण्यांच्या सोयीने. १८८२मध्ये आयात कापडावरची जकात उठवली गेली. १८९२मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी बजावले की, अर्थशास्त्राचे सिद्धान्त देशाची स्थिती न पाहता जसेच्या तसे लावता येत नाहीत. जकात परत बसवावी लागली तेव्हा तिचा फायदा मुंबईच्या गिरण्यांना होऊ नये म्हणून १८९६मध्ये त्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर लादला गेला, तोही मुक्त व्यापाराचेच नाव घेऊन. तो कायमचा रद्द व्हायला १९२६ उजाडले.