दमदमची गोळी

गिरगांवांतील खोताच्या वाडींतून जातांना लाकडी सज्जांचीं पोर्तुगीज वळणाचीं घरें पाहिलीं, म्हणजे त्या भाषेनें मराठीस दिलेले शब्द आम्हांस आठवतात. पाव आणि बटाटा सर्वांच्या तोंडीं आहेत. पण काडतूस व पिस्तूल हेही त्याच गलबतांतून उतरलेले पाहुणे. शब्द घरोब्याचे झाले. परंतु काडतुसांत गोळी कोणती घालावी, ह्या प्रश्नाचा आपल्या इतिहासाशीं केवढा संबंध आहे, हें सुशिक्षितांच्याही ध्यानीं नसतें.

प्रश्न अजून जिवंत आहे. अमेरिकेंत १९३५ सालीं रिव्हॉल्वरचें ‘३५७ मॅग्नम’ काडतूस निघालें. जुन्या दुबळ्या रिव्हॉल्वरांत तें चुकूनही बसूं नये म्हणून ‘३८ स्पेशल’हून सुमारें एक अष्टमांश इंच लांब केलें. त्याची १५८ ग्रेन वजनाची शिशाची गोळी सेकंदास पंधराशें फुटांच्या आसपास वेगानें जाई, आणि जातां जातां नळीच्या आट्यांत शिशाचा लेप ठेवी. रिकामीं काडतुसें घरीं पुन्हा भरण्याची तिकडे चाल आहे. त्या लोकांस विचार पडला : कथील व अँटिमनी मिसळून शिसें कठीण करावें, गोळीच्या बुडास तांब्याची टोपी बसवावी, कीं सबंध गोळीसच कवच चढवावें? दाब वाढला कीं उघडें मऊ शिसें निरुपयोगी, हें मात्र सर्वांस मान्य.

शिशास वंगण लागतें. एन्फील्ड रायफलीच्या कागदी काडतुसास चरबी लाविली ती गोळी नळींतून सुलभपणें जावी म्हणून. ती गाईची व डुकराची, ही वार्ता १८५७ च्या जानेवारींत कलकत्त्याजवळ दमदम येथें पसरली. पुढील कथा सांगणें नलगे.

पुढें १८८२ सालीं रुबिन नांवाच्या स्विस अधिकाऱ्यानें तांब्याच्या कवचाची गोळी काढली, आणि चरबीची कटकट मिटली. नळी संतुष्ट झाली. सेनापति झाले नाहींत. ही गोळी शरीरांतून बारीक छिद्र पाडून निघून जाते व शत्रु चालत राहतो, अशी तक्रार १८९५ च्या चित्रळ स्वारींत झाली. तेव्हां त्याच दमदमच्या कारखान्यांत कॅप्टन बर्टी-क्ले ह्यानें कवचाचें टोंक उघडें ठेविलें. नळीस कठीण गोळी, देहास मऊ, अशी ही युक्ति. वेब्ली रिव्हॉल्वरासही १८९८ सालीं पोकळ तोंडाची गोळी मिळाली.

१८९९ च्या हेग परिषदेंत अशा गोळ्यांस बंदी करण्याचा ठराव आला. सुधारलेला शिपाई जखम होतांच आडवा होतो, रानटी मनुष्य होत नाहीं, असा युक्तिवाद इंग्लंडचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा ह्यांनीं केला. हा रानटी कोण, हें निराळें सांगावयास नको. प्रयोग सरहद्दीवरच झाले होते. ठराव संमत झाला, वेब्लीची ती गोळी सैन्यांतून गेली. इंग्लंडनें मात्र ठरावास मान्यता दिली ती १९०७ सालीं.